ज्याचा हात आधी लागतो

जैविक दहशतवाद म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते अंगभर पांढरे पोशाख, मुखवटे, पोलिसांची नाकेबंदी आणि मुंबई-दिल्लीहून धावत आलेली पथकं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आरोग्य व पशुसंवर्धन कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकात ती पथकं फार उशिरा येतात. पहिली प्रकरणं ज्यांच्याभोवती फिरतात ती माणसं वेगळीच आहेत. सकाळी आखरावर ढोरं जमवणारा गायकी, तालुक्याच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक, जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचपट्टी रंगवणारी तंत्रज्ञ, टपाल वेगळं करणारा कर्मचारी, गावातली आशाताई. अँथ्रॅक्सचा जंतू कुणी मुद्दाम सोडलेला असो की जमिनीतून आपोआप वर आलेला असो, त्याच्यावर पहिला हात पडतो तो यांचाच. म्हणून धोका सर्वांत आधी त्यांना कळला पाहिजे आणि औषधही सर्वांत आधी त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे. ते मला मनापासून पटतं, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी होकार दिला.

अँथ्रॅक्स आपल्याला परका नाही. जनावरांतली फाशी ती हीच, आणि माणसाच्या कातडीवर उठते ती काळपुळी. बॅसिलस अँथ्रॅसिस हा त्याचा जंतू. रॉबर्ट कॉख यांनी 1876 मध्ये याच जंतूचं जीवनचक्र उलगडलं आणि ठरावीक रोगामागे ठरावीक जंतू असतो हे पुराव्यानिशी दाखवलं. पुढे पाचच वर्षांनी लुई पाश्चर यांनी फ्रान्समधल्या पुयी-ल-फोर गावी, लोकांसमोर, मेंढ्यांना त्याची लस टोचली. इतका जुना, इतका अभ्यासलेला आणि वेळेत गाठला तर साध्या पेनिसिलिनला दाद देणारा हा जंतू युद्धखोरांना का हवासा वाटला, याचं कारण त्याच्या बीजाणूत आहे. परिस्थिती बिघडली की हा जंतू टणक कवच धारण करून बीजाणू होतो आणि मग ऊन, थंडी, दुष्काळ यांची त्याला पर्वा राहत नाही. जमिनीत तो दशकानुदशकं टिकतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत ग्रुइनार्ड नावाचं छोटं बेट आहे. ब्रिटिशांनी 1942 मध्ये तिथे मेंढ्यांवर अँथ्रॅक्सचे प्रयोग केले. ते बेट निर्जंतुक करायला 1986 उजाडलं, समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून जमीन भिजवावी लागली आणि 1990 मध्ये ते सुरक्षित असल्याचं जाहीर झालं. मधली चार दशकं तिथे माणसाला मज्जाव होता.

कोणती जमीन या बीजाणूंना मानवते असं अभ्यासकांना विचारलं तर ते सांगतात की कॅल्शियम भरपूर, आम्लता नाही, अल्कलीकडे झुकलेली, सेंद्रिय अंश बऱ्यापैकी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हे वर्णन ऐकताना स्वतःचं वावर आठवेल. बेसाल्टपासून झालेली, चुनखडीचे खडे अंगावर वागवणारी आपली काळी कपाशीची जमीन आणि तिच्यातला अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेला खारपाणपट्टा या वर्णनाच्या बराच जवळ जातो. म्हणून इथल्या मातीत जागोजागी फाशी दडून बसली आहे असा अर्थ मात्र कुणी काढू नये. बीजाणू आधी तिथे यावे लागतात, कुठल्या तरी मेलेल्या जनावराच्या रक्तातून. पण एकदा आले तर इथे ते टिकतील, हे लक्षात ठेवायला हवं. उन्हाळ्याच्या शेवटी गवत खुरटतं, जनावर ते मुळासकट ओढून खातं आणि घासाबरोबर माती पोटात जाते. पहिले पाऊस खोलगट जागी बीजाणू वाहून आणतात. या रोगाची साथ दुष्काळी उन्हाळा आणि त्यानंतरचा जोरदार पाऊस यांच्या सांध्यावर उठते, असं जगभर दिसलं आहे आणि वऱ्हाडातल्या माणसाला असा सांधा समजावून सांगावा लागत नाही.

आता एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. ई-क्लासच्या पडीत जमिनीवर सकाळी बैल मरून पडलेला आहे. आदल्या संध्याकाळी तो नीट चारा खात होता. पोट टम्म फुगलंय. नाकातून, गुदद्वारातून काळसर रक्त आलंय आणि इतका वेळ होऊनही ते गोठलेलं नाही. पाय ताठायला हवे होते तसे ताठलेले नाहीत. असं जनावर दिसलं की सुरी बाहेर काढायची नाही. कातडं सोलायचं नाही, मांस वाटून घ्यायचं नाही, आणि डॉक्टरांनीही शवविच्छेदन करायचं नाही. न फाडलेल्या शरीरात कुजण्याच्या क्रियेतच बहुतेक जंतू मरून जातात. कापलं, रक्त सांडलं आणि त्याला हवा लागली की त्याच जंतूंचे बीजाणू होतात आणि ती जागा पिढ्यांसाठी बिघडते. पशुवैद्यकाने हातमोजे घालून कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, तो काचपट्टीवर पसरायचा, टोचलेली जागा आणि नाकपुड्या जंतुनाशकात भिजवलेल्या बोळ्यांनी बंद करायच्या, कुत्री आणि गिधाडं येणार नाहीत अशी राखण लावायची. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याच्या यादीत हा रोग आहे, म्हणजे संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे.

पुढे प्रेताचं काय करायचं, यावर या पुस्तकात थोडी चर्चा आहे आणि ती काळजीपूर्वक वाचावी. आपल्याकडे खोल खड्डा करून वर चुना टाकण्याची रीत मुरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेचा कल जाळण्याकडे आहे. कॅल्शियममुळे बीजाणू अधिक काळ टिकू शकतात, या कारणाने तिथे चुन्याला पसंती नाही. एका बैलाला पुरेल इतकं लाकूड जुलैच्या पावसात कुठून आणायचं, हा प्रश्न जिनिव्हाला पडत नसला तरी दर्यापूरच्या माणसाला पडतो. जाळणं जमलंच नाही तर जागा कशी निवडायची, पाण्यापासून किती दूर आणि नंतर तिथे चराई कशी रोखायची, हे लेखकांनी टाळलं नाही. मला त्यांची ही बाजू फार आवडली.

मेलेल्या ढोराला हात कुणी लावायचा, हा प्रश्न आपल्या समाजात कधीच निव्वळ वैद्यकीय नव्हता. गावगाड्याने ते ओढण्याचं आणि सोलण्याचं काम ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलं होतं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते काम आणि मृतमांस दोन्ही सोडून द्या, असं आवाहन केलं. स्वाभिमानाची हाक म्हणून आपण ते वाचतो आणि ते बरोबरच आहे. फाशीच्या रोगाचं पुस्तक हातात घेऊन तेच आवाहन पुन्हा वाचलं तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्या कामाचं विष सगळ्या गावाला टाळायचं होतं, ते काम गावाने ज्यांना नाही म्हणायची सोय नव्हती त्यांच्यावर ढकललं होतं. इंग्लंडमध्येही वेगळं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत परदेशी लोकर निवडणारे मजूर छातीच्या विचित्र आजाराने पटापट मरत. तो श्वासातला अँथ्रॅक्स निघाला, आणि त्याला नावच पडलं लोकर निवडणाऱ्यांचा रोग. कातडं, हाडं, लोकर, केस यांच्याशी ज्यांचं पोट बांधलेलं असतं त्यांना हा रोग आधी गाठतो. आज चामड्याच्या, हाडांच्या व्यवसायात असलेल्या माणसांपर्यंत आपली आरोग्य यंत्रणा जाते का, कधी गेली आहे का, हे प्रत्येक तालुक्याने स्वतःला विचारावं.

माणसात हा रोग मुख्यतः तीन वाटांनी येतो. कातडीवरची काळपुळी सर्वांत जास्त आढळते. आधी किडा चावल्यासारखी खाज, मग पाण्याची फोडी, मग मधोमध कोळशासारखी काळी खपली आणि भोवती मोठी सूज. ती दुखत नाही, हीच तिची खूण, आणि न दुखणाऱ्या जखमेसाठी दिवसाची मजुरी बुडवून कुणी दवाखान्यात येत नाही. औषध मिळालं तर यात क्वचितच कुणी दगावतं, नाही मिळालं तर पाचातला एक जाऊ शकतो. रोगट मांस खाऊन होणारा पोटाचा प्रकार अधिक वाईट. श्वासातून होणारा सर्वांत घातक. पहिले दोन-तीन दिवस तो साध्या तापखोकल्यासारखा दिसतो आणि मग रुग्ण झपाट्याने ढासळतो. छातीच्या एक्स-रेमध्ये मधला भाग रुंदावलेला दिसणं ही त्याची महत्त्वाची खूण. निसर्गात हा तिसरा प्रकार अतिशय दुर्मीळ. म्हणूनच कातड्या-लोकरीशी संबंध नसलेल्या माणसाला तो झाला, तर कुणाच्या तरी हेतूची शंका घ्यावी लागते.

नेमकं हेच 2001 मध्ये फ्लोरिडात घडलं. रॉबर्ट स्टीव्हन्स हे वृत्तपत्र कंपनीतले छायाचित्र संपादक ऑक्टोबरच्या सुरुवातीला तापाने आणि भ्रमाने आजारी होऊन रुग्णालयात आले. डॉ. लॅरी बुश यांनी त्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लांब, जांभळ्या, काडीसारख्या जंतूंच्या माळा दिसल्या. अशा काड्या प्रयोगशाळेत दिसल्या की बहुधा हवेतून पडलेली घाण समजून सोडून देतात, कारण त्यांची निरुपद्रवी भावंडं सगळीकडे असतात. डॉ. बुश यांनी सोडल्या नाहीत. जॅक्सनव्हिलच्या राज्य प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाने या जंतूचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, त्यामुळे खात्री लवकर झाली. स्टीव्हन्स 5 ऑक्टोबरला गेले, पण त्या एका काचपट्टीमुळे साऱ्या देशाला जाग आली. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयात रोज कितीतरी काचपट्ट्या रंगवल्या जातात. मेलेल्या बैलाच्या रक्ताची पट्टी मिथिलिन ब्लूने रंगवली तर निळ्या, चौकोनी टोकांच्या काड्यांभोवती गुलाबी आवरण दिसतं. ज्याने ते एकदा पाहिलं तो विसरत नाही, पण ते एकदा कुणी तरी दाखवावं लागतं. अकोल्यातली स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. एकीकडच्या तंत्रज्ञांनी वर्षातून एक दिवस दुसरीकडच्या सूक्ष्मदर्शकाशी बसावं, ही या पुस्तकातली सूचना बिनखर्चाची आहे आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची.

अमेरिकेतल्या त्या शरद ऋतूतलं पुढचं प्रकरण मात्र वाचताना राग येतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये टपालातून बीजाणूंची पाकिटं पाठवली गेली होती. त्यातलं एक सिनेटर टॉम डॅशल यांच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयात 15 ऑक्टोबरला उघडलं गेलं. त्याच दिवशी तिथल्या कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली, प्रतिजैविकं दिली गेली, इमारत पुढे बंद झाली. ते पाकीट ज्या टपाल केंद्रातून गेलं होतं, त्या ब्रेंटवूडमध्ये काम चालू राहिलं. बंद पाकिटातून धोका नाही, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा समज होता. कागदाच्या छिद्रांतून बीजाणू सहज बाहेर पडतात आणि टपाल वेगळं करणाऱ्या यंत्रांत ते हवेत उडतात, हे नंतर कळलं. केंद्र बंद झालं 21 ऑक्टोबरला. त्याच दिवशी थॉमस मॉरिस आणि दुसऱ्या दिवशी जोसेफ कर्सीन, दोघेही ब्रेंटवूडचे टपाल कर्मचारी, मरण पावले. तिथले बहुसंख्य कामगार कृष्णवर्णीय होते. सिनेटच्या लोकांना गोळ्या त्याच दिवशी आणि आम्हाला सहा दिवसांनी, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. एकूण 22 जणांना लागण झाली, पाच जण गेले. तपास संस्थेने 2008 मध्ये लष्करी संशोधन संस्थेतल्या ब्रूस आयव्हिन्स या शास्त्रज्ञाकडे बोट दाखवलं. त्यांनी त्याआधीच आत्महत्या केली होती आणि खटला कधी चालला नाही. म्हणजे जंतू बाहेरच्या शत्रूच्या गुहेतून नव्हे, सरकारी प्रयोगशाळेच्या कपाटातून निघाला असावा, असा निष्कर्ष.

संशयास्पद पाकिटांची तीच लाट त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात आली. मंत्रालयात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री छगन भुजबळ यांच्या कार्यालयात आलेल्या संशयास्पद पत्राच्या बातम्यांनी खळबळ उडवली. त्या काळात देशभर पांढऱ्या भुकटीची पाकिटं सापडत होती आणि त्यांतली बहुतेक खोडसाळपणाची होती. पण खोडसाळ पाकिटालाही यंत्रणेला खऱ्यासारखंच वागवावं लागतं. पाकीट हलवायचं नाही, फुंकायचं नाही, वास घ्यायचा नाही. पंखा आणि एसी बंद, खोली बंद, हात साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचे. त्या खोलीत कोण कोण होतं याची यादी करायची, आणि त्या यादीत टपाल आणून देणाऱ्याचं नाव पहिलं हवं. ब्रेंटवूड माहीत असेल तर हे शेवटचं वाक्य कुणी विसरणार नाही.

मुंबईशी जोडलेला जैविक गुन्हा त्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि आपल्या वैद्यक महाविद्यालयांत तो शिकवायला हवा. पाकुडच्या जमीनदार घराण्यातले अमरेंद्र पांडे यांना 26 नोव्हेंबर 1933 रोजी हावडा स्टेशनच्या गर्दीत कुणीतरी दंडात टोचलं. थोड्याच दिवसांत ते वारले. वारसाहक्काच्या वादातून सावत्र भाऊ विनयेंद्र यांनी डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांच्या मदतीने प्लेगचे जंतू मिळवले होते, आणि ते मिळवण्यासाठी मुंबईत येऊन आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात संशोधनाचं निमित्त केलं होतं. हे उघड झालं, कारण रुग्ण जिवंत असताना कुणीतरी त्यांच्या रक्ताचा नमुना घेऊन ठेवला होता आणि त्यात प्लेगचा जंतू वाढला. दोघांना झालेली फाशीची शिक्षा पुढे कोलकाता उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. या प्रकरणात हुशारीची म्हणावी अशी गोष्ट एकच होती, वेळेत घेतलेला रक्ताचा नमुना. आजही संशयित रुग्णाला प्रतिजैविक देण्याआधी रक्त घ्या, ही सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असावी. औषधाचा एक डोस गेला की जंतू वाढत नाही आणि पुरावाही राहत नाही.

जनावरांची नोंद माणसांच्या नोंदीशेजारी ठेवली तर काय दिसतं, हे स्वेर्दलोव्स्कने दाखवलं. सोव्हिएत रशियातल्या या शहरात 2 एप्रिल 1979 च्या सुमारास लष्करी केंद्रातून बीजाणू हवेत निसटले. किमान 66 माणसं मेली. सरकारने सांगितलं की लोकांनी रोगट मांस खाल्लं. पुढे मॅथ्यू मेसेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन, कबरींवरची नावं वाचून मृतांचा नकाशा काढला. ती माणसं त्या दिवशी ज्या ठिकाणी होती ते बिंदू केंद्रापासून एका अरुंद पट्ट्यात पडले. तोच पट्टा पुढे वाढवला तर 50 किलोमीटरपर्यंतच्या गावांतल्या मेलेल्या मेंढ्या आणि गाई त्याच रेषेवर सापडल्या, आणि त्या दिवशीचा वारा नेमका तिकडेच वाहत होता. सरकारी निवेदन बदलता येतं, पण मेंढी कुठल्या गावात मेली हे कुणी बदललं नव्हतं.

आपल्याकडे आरोग्य विभाग आणि पशुसंवर्धन विभाग एकाच जिल्हा परिषदेत आहेत. तरी गावातल्या मेलेल्या ढोरांची वही एका कार्यालयात आणि तापाच्या रुग्णांची वही दुसऱ्या कार्यालयात, असं चालतं. 1994 च्या बीड-सुरतच्या प्लेगने देशाला हादरवलं, त्यानंतर दहा वर्षांनी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला, आज उपकेंद्रातली आरोग्य सेविकाही टॅबवर नोंद करते. हे मोठंच पाऊल. पण त्या पडद्यावर बैल दिसत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2008 मध्ये जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, नागपुरात 2022 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, सातपुड्यापलीकडे भोपाळला जनावरांच्या घातक रोगांची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आहेच. वरची चौकट तयार होत आहे. मोर्शीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याने मोर्शीच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फोन करायचा, ही खालची कडी मात्र कुठल्याही पायाभरणीने जुळत नाही.

ती जुळते हेही आपण पाहिलं आहे. 2022 मध्ये जनावरांत लम्पी त्वचारोगाची साथ पसरली, तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, शेळ्यांच्या देवीची लस गोठ्यागोठ्यात पोचली, आणि शेतकऱ्यांनी ते सोसलं. त्याच वर्षी जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत नळाचं पाणी नव्हतं म्हणून लोकांनी विहिरीचं दूषित पाणी प्यायलं आणि माणसं गेली. तिथे धावलेल्या पथकांचं कौतुक झालंच पाहिजे, पण रोग गावात आधी पोचला आणि पथक नंतर. फेब्रुवारी 2021 मध्ये कोविडची दुसरी लाट राज्यात सगळ्यांत आधी अमरावती-अकोला-यवतमाळच्या पट्ट्यात चढू लागली आणि 22 फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने तेव्हा चाचण्यांचा भार उचलला. आपल्याकडे माणसं आहेत, हे त्या महिन्यांनी सिद्ध केलं.

पुस्तकातलं सातवं प्रकरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेलं. श्वासातून बीजाणू गेलेल्या माणसाला डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन 60 दिवस घ्यावं लागतं, कारण बीजाणू फुप्फुसात निपचित पडून राहतात आणि आठवड्यांनंतरही जागे होऊ शकतात. माणूस ठणठणीत असतो, गोळीने पोट बिघडतं, आणि गोळी चालू ठेवायची. अमेरिकेत 2001 मध्ये ज्या दहा हजारांना हा पूर्ण कोर्स सांगितला होता, त्यांतल्या निम्म्याहून कमी लोकांनी तो पूर्ण केला. आता मेळघाट आठवा. धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू कुटुंबं खरीप आटोपला की कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. दिवाळीनंतर सुरू केलेला 60 दिवसांचा कोर्स कुठल्या जिल्ह्यातल्या कुठल्या बांधकामावर पूर्ण होणार? क्षयरोगाच्या औषधाचा पाठपुरावा करणाऱ्या आशाताईंना याचं उत्तर ठाऊक आहे: ठेकेदाराचा नंबर घ्यायचा, गोळ्या दोन टप्प्यांत बरोबर द्यायच्या, जिथे गेले तिथल्या केंद्राला कळवायचं. जिल्ह्याच्या आराखड्यात त्यांच्या या अनुभवाला जागा हवी आणि आराखडा करणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची हवी.

अजून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. अँथ्रॅक्स एका माणसाकडून दुसऱ्याला श्वासाने होत नाही. रुग्णाला वाळीत टाकण्याची, वस्तीला कुंपण घालण्याची गरज नाही. जखमेच्या स्रावाची काळजी घेतली की घरातली माणसं त्याच्याजवळ बसू शकतात. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ज्या अमरावतीत कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं, त्या शहराला बहिष्कार काय करतो हे वेगळं शिकवावं लागू नये. पाकिटाच्या नुसत्या अफवेनेही घबराट पसरते, दुकानांतल्या गोळ्या संपतात आणि ज्यांच्या हाताला खरोखर जंतू लागला त्यांना त्या मिळत नाहीत. त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी सांगायची चार वाक्यं आधीच लिहून ठेवावीत, वऱ्हाडी आणि कोरकूतही.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. गोठ्यात, हाडा-कातड्यांत काम करणाऱ्यांनी पहिली दोन प्रकरणं सोडून थेट तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. प्रयोगशाळेतल्यांनी पाचवं आधी वाचावं. शेवटी प्रत्येक तालुक्यासाठी एक कोरं पान दिलं आहे. त्यावर पशुधन विकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा, मुख्य टपाल कार्यालय आणि तहसील यांचे मोबाइल नंबर लिहायचे आहेत. लेखकांनी ते पान मुद्दाम छापून भरलेलं नाही. मे महिन्यातल्या बदल्या झाल्या की ते पेन्सिलने पुन्हा भरावं, आणि दोन्ही कार्यालयांच्या भिंतीवर त्याची एकेक प्रत लावावी.